डाव्या चाकाची तक्रार

तपासनीस गाडीतून उतरला आणि थेट हँगरमध्ये शिरला. आत दोन विमानं उभी होती. पांढऱ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पिवळ्याच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "हा दांडा नवा दिसतोय. कधी बदलला?"

दाराशी उभी असलेली ती हातातला पाना पुसत राहिली. विमानं तिच्या वडिलांची, उड्डाणशाळाही त्यांचीच, आणि मेकॅनिक ती. महिन्यापूर्वी बाबा एकटेच पिवळं घेऊन गेले आणि उतरताना असे आदळले की डाव्या चाकाचा दांडा वाकला. "वारा आडवा होता," एवढंच म्हणाले. नव्या नियमानुसार असं काही झालं की तीन दिवसांत कळवायचं आणि साठीपुढच्या वैमानिकाला सरकारी डॉक्टरपुढे उभं करायचं. बाबा एकाहत्तरचे. तिनं कळवलं नाही. गुपचूप दांडा बदलला आणि विमानाच्या नोंदवहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही.

विमान आदळल्याचं तिघांनाच ठाऊक होतं. ती, बाबा आणि रेडिओवर बसणारा मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ.

मग चुगली कुणी केली, हे काय सांगायला हवं? गेल्या वर्षी पगारावरून मामाची बाबांशी वाजली होती. शेजारच्या मोठ्या विमानतळावरचे लोक हल्ली त्याला फोन करायचे. तपासनीस आला तेव्हा त्या मेल्यालाच चहा करायची घाई! एकेक गोष्ट आठवत गेली तसा तिचा संशय पक्का झाला. आठवडाभर ती मामाशी कामापुरतंच बोलली. तो खोलीत आला की वह्या मिटायची, तो फोनवर असला की दाराशी रेंगाळायची.

शेवटी तिला राहवलं नाही.

"मामा, तिकडे नोकरी मिळतेय का तुला?"

"कुठे?"

"ज्यांच्यासाठी आमच्या चाकाची बातमी पोहोचवलीस तिथे."

मामानं कानावरचा हेडफोन काढला, जपून टेबलावर ठेवला. "त्या दिवशी विमानाकडे तुझ्याही आधी धावत कोण गेलं होतं?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी नोटीस आली. सोबत तक्रारीची प्रत, खालचं नाव काळ्या शाईनं झाकलेलं. ती कामाच्या टेबलाशी उभ्यानंच वाचू लागली. तारीख, वेळ, चाक, सगळं बरोबर. मग एक वाक्य: "उतरताना धावपट्टी दिसलीच नाही, अंदाजानं विमान खाली घेतलं."

तिनं ते पुन्हा वाचलं. जमिनीवरून हे कुणाला कळणार?

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तिनं कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग परत दिला.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मला सांगायचं होतंत ना!"

"तुला सांगितलं असतं तर तू चष्मा बदलून आणला असतास," बाबा म्हणाले. "दोनदा ठरवलं, आता पुरे. सकाळी उठलो की हात आपोआप किल्लीकडे जायचा. मग म्हटलं, त्यांनाच 'नाही' म्हणू दे."

"आणि माझं लायसन्स?"

बाबांचा चेहरा पडला. तिनं काहीच कळवलेलं नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं; तिच्या कळवण्यात डोळ्यांचं नसेल, एवढंच त्यांना वाटलं होतं. कागदपत्रं ती चोख ठेवते, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

बाबांचं उडणं कायमचं थांबलं. तिचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. मेकॅनिकशिवाय शाळा चालेना, तेव्हा हँगरला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी ती मामाच्या घरी गेली. दार त्यानंच उघडलं.

"मामा, चुकलं माझं."

"कळलं मला. तुझ्या बापाचा फोन आला होता."

तो दारातून बाजूला झाला नाही. ती पायरीवरच बसली. बऱ्याच वेळानं तोही येऊन बसला, हातभर अंतर ठेवून.