कशाची क्षमा

ऋतू पालटून पहाटेचा गारवा जाणवू लागला की व्रताचे दिवस लागत. दिवसभर उपास, सूर्य मावळल्यावर एकदाच जेवण, आणि शेवटच्या दिवशी क्षमा. वर्षभर ज्यांच्याशी संबंध आला त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि समोरच्याने "केली" म्हणायचं. एकानेही नकार दिला तर उपास सुटत नाही. असा नकार कोणी दिल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गाद्यांच्या कारखान्याचे मालक हा दिवस मोठ्या भक्तिभावाने पाळत. शिलाई मशिनच्या रांगेतून फिरत, एकेका बाईपुढे थांबत आणि म्हणत, "कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा." मजुरी नगावर असल्यामुळे बाया मशिनवरून पाय न काढताच "केली" म्हणत.

यंदा रांगेतलं एक मशीन रिकामं होतं. त्यावर बसणारी पोरगी इस्पितळात होती. मागच्या महिन्यात फोमच्या ढिगाने पेट घेतला तेव्हा बाकीच्या बाया पुढच्या दाराने बाहेर पडल्या. ती मागच्या बाजूला अडकली, कारण मागच्या दाराला कुलूप होतं. बाया फोमचे तुकडे पिशवीतून घरी नेतात असा मालकांना संशय होता, म्हणून कुलूप त्यांनीच लावायला सांगितलं होतं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला मात्र वेगळंच सांगण्यात आलं. दार उघडं होतं, पोरगी घाबरून तिकडे गेलीच नाही.

पोरीची वहिनी त्याच कारखान्यात कापड बेतायची. तिला सगळे कात्री म्हणत, ते हत्यारापेक्षा जिभेमुळे. नणंदेला कामाला तिनेच लावलं होतं. व्रत तीही करायची, लग्नाआधीपासून, कधी खंड न पाडता.

मालक तिच्या टेबलाशी आले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले.

"कशाची?" तिने विचारलं.

तिला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून मालकांनी वाक्य पुन्हा म्हटलं.

"ऐकलं, शेठ. काय चुकलं ते सांगा. सांगितलंत की लगेच करते."

मशिनी एकेक करून थांबल्या. सुपरवायझर लगबगीने पुढे आला. वहिनी, आज तरी जिभेला उपास घडू द्या, असं म्हणून त्याने वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही. मग त्याने फोन काढला. मालक सकाळीच इस्पितळात जाऊन आले होते आणि त्याने त्याचं शूटिंग केलं होतं. पडद्यावर पट्ट्यांत गुंडाळलेला चेहरा दिसला, त्यापुढे जोडलेले हात, आणि पोरीच्या तोंडाशी कान नेऊन "केली म्हणतेय" असं सांगणारी नर्स. जी भाजली तिने मोठ्या मनाने केली, तुमचं कुठे अडलंय, असं सुपरवायझरने विचारलं.

सकाळी पट्ट्या बदलण्याआधी पोरीला गुंगीचं औषध देतात, हे कात्रीला ठाऊक होतं. रोज ती इस्पितळातूनच कामावर यायची. आदल्या दिवशी त्या गुंगीत पोरीने तिच्याकडे शाळेचा डबा मागितला होता.

"शुद्धीत नसलेल्या पोरीकडून वदवून घेतलंत," ती म्हणाली. "तेही व्रताच्या दिवशी."

मालकांचा चेहरा उतरला. आपल्याला मनापासून वाईट वाटतं, पण प्रकरण चौकशीत आहे आणि वकिलांनी त्यावर अवाक्षर काढायला मनाई केली आहे, असं ते हळू आवाजात म्हणाले. म्हणजे त्यांना क्षमा तर हवी होती, पण ज्याची हवी होती ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं.

दुपारपर्यंत ही गोष्ट घरोघरी पोचली. मुलाचा उपास सुटल्याशिवाय मालकांच्या वयस्कर आई पाणीही घेणार नव्हत्या. कात्रीला तिच्या सासूचा फोन आला. त्या म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर पाप कुणाच्या माथी, असं सासू विचारत होती. भाजलेली पोरगी तिचीच लेक होती.

"आई, तुमची लेकही उपाशीच आहे," कात्री म्हणाली आणि पुन्हा कापडावर खडूच्या रेघा मारू लागली.

दिवस कलताना मालकांच्या आई स्वतः आल्या. ड्रायव्हरच्या हाताला धरून त्या आत शिरल्या आणि दम लागला म्हणून रिकाम्या मशिनच्या स्टुलावर बसल्या. माझ्याकडे बघून एवढं कर गं, असं त्यांनी विनवलं. कात्रीने त्यांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही आणि काही गाळलंही नाही. आगीत एक मुलगी भाजली, एवढंच म्हातारीला घरी कळलं होतं. कुलपाचं कोणी बोललं नव्हतं.

म्हातारीने शेजारी उभ्या मुलाला विचारलं, दार कुणी बंद करायला लावलं होतं? दार उघडंच होतं, असं उत्तर सुपरवायझरने दिलं.

तेव्हा पहिल्या मशिनवरची बाई उठली. ती कारखान्यात सगळ्यांत जुनी होती. सकाळी "केली" म्हटलं ते मी परत घेते, असं ती म्हणाली. दिलेली क्षमा परत घेता येते का, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या शेजारचीने घेतली. मग तिसरीने घेतली.

सुपरवायझर कात्रीवर घसरला. एवढी साधुसंत लागून गेलीस, तू स्वतः मागितलीस का कुणाची क्षमा?

"मागितली. आज पहाटे, नणंदेची, ती शुद्धीत असताना," ती म्हणाली. "दाराला कुलूप आहे हे मला माहीत होतं, तरी तुला तिथे बसवलं आणि गप्प राहिले, असं सांगून मागितली. तिने मान फिरवली. माझाही उपास सुटलेला नाही, शेठ."

मालकांनी सुपरवायझरकडे पाहिलं. बाहेर सूर्य मावळला होता. म्हातारीने ड्रायव्हरला गाडी घरी न्यायला सांगितली. ती स्टुलावरून हलली नाही.

"तुझ्या वकिलाला विचार," ती मुलाला म्हणाली, "मी किती दिवस उपाशी राहू."