चार वाजताच्या वाचनाची ठवणी

मित्रांनो, माझ्या अंगात एकही खिळा नाही. परतवाड्याच्या बाजारातली सागवानाची एकच फळी रामराव सुतारांनी मधोमध चिरली आणि मला अशी घडवली, की माझे दोन्ही भाग एकमेकांत अडकून उभे राहतात. मिटली की मी पाटासारखी सपाट. उघडली की पुस्तक पोटाशी धरते. मी एक जुनी ठवणी आहे. हल्लीची मुलं मला पाहून, "हे छोटं स्टूल आहे का?" असं विचारतात. एकदा तर एक धिप्पाड गृहस्थ माझ्यावर बसायलाच निघाले होते! त्यांना दोष कसा द्यावा? आता ठवणी पाहायला मिळते कुठे?

मला वाटलं होतं, मी कुणाच्या तरी देवघरात जाणार. पण रामरावांनी मला अमरावतीच्या महादेवरावांना भेट म्हणून दिलं. महादेवराव मूळचे चांदूर बाजारकडचे. अंबागेटच्या आत त्यांचं छोटंसं प्रकाशन होतं. पुढे पुस्तकांचं दुकान, आणि मागे एक खोली, जिथे बाया छापील कागदांच्या घड्या घालून पुस्तकं शिवत. त्या खोलीत खिडकीखाली माझी जागा ठरली.

महादेवरावांचा एक नेम होता. कोणतंही पुस्तक छापायला देण्याआधी ते रोज दुपारी चार वाजता त्याचे कागद माझ्यावर ठेवून मोठ्याने वाचत. ऐकायला कोण, तर घड्या घालणाऱ्या त्या बाया. व्रताची कहाणी ऐकताना ऐकणारीने हुंकार द्यायचा असतो, तसा त्या मधूनमधून "हं" म्हणत. जिथे "हं" आला नाही, तिथे महादेवराव थांबत आणि पेन्सिलीने खूण करत.

"हे वाक्य लंगडून राहिलं," ते म्हणत, आणि लेखकाला तसं कळवून टाकत.

मोठमोठे विद्वान रागवत. "आमचं लिखाण या बायांनी तपासायचं का?" महादेवराव हात जोडत. "तपासलं नाही साहेब. ऐकलं. ऐकणाऱ्याचा मान मोठा असतो."

त्या बायांत इंदूबाई सगळ्यांत कडक. शिकलेल्या चौथीपर्यंत, पण कान असा, की फुसकं वाक्य त्यांच्यापुढून सुटायचं नाही. "आमच्या विहारात बी पावसाळ्यात ग्रंथ वाचतात," त्या सांगत. "समोरचा पेंगला तं वाचणाऱ्याची चूक, पेंगणाऱ्याची नाई."

किती पुस्तकं माझ्या पोटावरून गेली, त्याची गणती मी ठेवली नाही. आपलं काम करावं आणि बाकी देवावर सोडावं.

मग महादेवराव गेले. प्रकाशन त्यांच्या सुनेकडे, शकुनताईंकडे आलं. शकुनताई फार हळू बोलणाऱ्या. सोमवार, एकादशी, चतुर्थी, सारं पाळणाऱ्या. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्यांनी कधी दुकान उघडलं नाही. पण दुकानात येणारी माणसंच कमी झाली होती. बाया एकेक करून गेल्या, उरल्या फक्त इंदूबाई. चार वाजताचं वाचन बंद पडलं. छापायला फारसं काही नाही, ऐकायला बाया नाहीत, तर वाचायचं काय? मला मिटून कपाटामागे सारण्यात आलं. पुढे शकुनताईंच्या मुलाला, अंकुरला, मी सापडले. त्याने मला उघडलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! त्याने माझ्यावर मोबाइल चार्जिंगला ठेवला.

आता खरी गोष्ट ऐका.

मागच्या दिवाळीनंतर बार्शीटाकळीहून गोदाबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, सारी हयात कपाशीच्या शेतात गेलेली. कापूस वेचताना बाया एकमेकींना ज्या गोष्टी सांगतात त्या त्यांनी वहीत लिहिल्या होत्या, आणि शकुनताईंनी त्याचं 'वेचणीच्या गोष्टी' नावाचं पुस्तक काढलं होतं. ते गठ्ठ्यांनी तसंच पडून होतं. आणि गोदाबाई तर फडक्यात बांधून दुसरी वही घेऊन आल्या होत्या!

"शकुन, हे डोये मिटायच्या आत होईन का व पुस्तक?"

शकुनताईंनी वही कपाळाला लावली. "होईल, मावशी. शब्द देते."

गोदाबाईंची पाठ वळते न वळते तोच अंकुर म्हणाला, "आई, काहून शब्द देतेस? पहिल्याचेच गठ्ठे उंदीर वाचून राहिले. लोक आता मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. मोबाइलची कव्हरं विकणारा तो व्यापारी दुकान भाड्याने मागून राहिला. गुढीपाडव्यापर्यंत मी थांबतो. मग शटर."

शकुनताई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लोक मोबाइलमध्ये असतील, तर आपण तिथे जाऊ. देव गाभाऱ्यात बसून राहिला असता तर पालखी कशाला निघाली असती?"

इंदूबाईंची नात प्रियदर्शनी अकोल्याला सरकारी नोकरीत आहे. दर रविवारी ती अमरावतीला येते. शकुनताईंनी तिला बोलावलं. पण ती येण्याआधीच त्यांनी घाईने 'वेचणीच्या गोष्टीं'च्या पानांचे फोटो काढून लोकांना पाठवून दिले होते. फोनवर ती पानं मुंगीएवढ्या अक्षरांची झाली. मोठी करावीत तर वाक्याचं शेपूट बाहेर. अकोल्याच्या एका बाईने लिहिलं, "ताई, वाचून राहिली का गहू निवडून राहिली, तेच समजेना."

शकुनताईंनी मग दुसरा उपाय केला. रूपाली नावाची एक गुणी मुलगी होती, आवाज अगदी घंटेसारखा. तिच्याकडून त्यांनी तेच पुस्तक एका बंद, शांत खोलीत बसून वाचून घेतलं. रूपालीने इतकं स्वच्छ वाचलं, की गोदाबाईंचं 'मले' तिच्या तोंडून 'मला' होऊन बाहेर आलं. तो आवाज लोकांना पाठवला. फोनमध्ये दिसतं म्हणे, कोण कुठवर ऐकतं ते. तिसऱ्या मिनिटाला सगळे उठून गेले होते.

त्या रविवारी सगळ्या मागच्या खोलीत जमल्या. प्रियदर्शनीने तो आवाज पुन्हा लावला. इंदूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही पोरगी कोनाले सांगून राहिली व? भिताडाले?"

"आजी, रेकॉर्डिंग असंच असते."

"असो बाप्पा. पण हिच्या समोर कोनीच नाई बसलं. मंग आपण काहून बसाव?"

शकुनताईंनी एकदम वर पाहिलं. मग त्या उठल्या, माझ्यावरचा चार्जर काढून बाजूला ठेवला आणि पदराने मला पुसलं. इतक्या वर्षांनी, मित्रांनो! माझ्या पोटावर त्यांनी गोदाबाईंची दुसरी वही ठेवली, छापलेलं पुस्तक नव्हे, न छापलेली वही. वहीच्या बाजूला फोन ठेवला. घड्याळात चार वाजत होते.

"इंदूबाई, समोर बसा. मामंजींच्या वेळी बसत होता तशा. आजपासून पाडव्यापर्यंत रोज चार वाजता एक भाग. हा माझा नेम. खंड पडायचा नाही."

"आनि मले ताप आला तं?"

"तर मी तुमच्या खाटेपाशी येऊन वाचीन."

"मंग ताप न आलेलाच बरा," इंदूबाई म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या.

शकुनताईंचा आवाज लहान, तरी तो समोरच्या माणसाशी बोलत होता. इंदूबाई "हं" म्हणत होत्या, मधूनच "असं का, बाई" म्हणत होत्या. एका ठिकाणी त्या गप्प राहिल्या. शकुनताई थांबल्या. वाक्य पुन्हा वाचलं, दोन शब्द गाळले, मग "हं" आला. बाहेर भाजीवाला ओरडून गेला.

प्रियदर्शनी म्हणाली, "काकू, तो भाजीवाला आणि आजीचं हं-हं मी कापून टाकते."

"काप, मंग मलेच काप," इंदूबाई म्हणाल्या.

शकुनताई म्हणाल्या, "काहीच कापू नको. ज्या घरी एकटी बाई ऐकत असेल, तिला सोबत होईल."

प्रियदर्शनी मोठी हुशार. तिने तो आवाज अगदी हलका करून दिला, पुढचे भाग अकोल्याहूनच तसे करून पाठवू लागली, म्हणजे रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कवरही उतरावा. सोबत त्या भागाची अक्षरं अशी बसवली, की बोटाने हवी तेवढी मोठी होत आणि फोनच्या बाहेर पळत नसत. पहिल्या दिवशी अकरा जणांनी ऐकलं. त्यात तिघी घरच्याच.

शकुनताई डगमगल्या नाहीत. एकादशीला पोटात अन्न नसताना त्या वाचत. एकदा दिवसभर वीज नव्हती आणि नेटवर्कही नव्हतं. त्यांनी वाचलं, पण पाठवायचं कसं? मग फोन हातात धरून त्या बडनेऱ्याच्या रस्त्याने चालत निघाल्या, नेटवर्क सापडेपर्यंत. परत आल्या तेव्हा पाय धुळीने भरले होते. इंदूबाई म्हणाल्या, "एका दिवसाने काय आभाय कोसयलं असतं?" शकुनताई म्हणाल्या, "आभाळ नाही कोसळत, इंदूबाई. नेम कोसळतो."

हळूहळू ऐकणाऱ्या वाढल्या. डोंगरातल्या सेमाडोहला आशाबाई नावाची परिचारिका आहे. तिथे नेटवर्क धड नाही. ती आठवड्यातून एकदा परतवाड्याला उतरे, सातही भाग फोनमध्ये भरून नेई आणि दवाखान्याच्या ओट्यावर बायांना ऐकवी. बाया शकुनताईंना निरोप धाडू लागल्या. कुणी म्हणे, कालचं कळलं नाही, पुन्हा सांगा. कुणी म्हणे, आमच्याकडे ही गोष्ट वेगळी सांगतात. शकुनताई ते सारं गोदाबाईंना फोनवर विचारत आणि वहीत पेन्सिलीने खूण करत. मला महादेवराव आठवत. त्यांच्यासमोर पाच बाया बसत. इथे किती गावं बसली होती!

तरी अंकुर मान हलवायचा. "फुकट ऐकतात, आई. पुस्तक कोण घेते?" आणि खरं सांगते, माझ्याही लाकडात धडकी भरायची. फाल्गुन लागला होता. व्यापाऱ्याचा माणूस टेप घेऊन शटर मोजून गेला होता. शकुनताई तेव्हाही वाचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दोन दिवसांनी अंकुर अकोल्याहून आला. पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला. इंदूबाईंना वाटलं, त्याला बरं नाही.

"आई, एसटीत शेजारच्या सीटवर एक बाई होती," तो म्हणाला. "तिच्या फोनमधून तुझा आवाज येत होता. सगळ्या सीटवरच्या बाया ऐकत होत्या. कंडक्टर तिकीट द्यायचं थांबला. मी सांगितलंच नाही की ही माझी आई आहे. भाग संपल्यावर त्या बाईने मलेच विचारलं, भाऊ, हे पुस्तक कुठे भेटते? माझ्या सासूले कागदावर पाहिजे, मोठ्या अक्षरात."

"मग?" शकुनताईंनी विचारलं.

"मग काय? प्रकाशकाचा पोरगा मी, आणि पिशवीत काय, तर मोबाइलची कव्हरं! त्या व्यापाऱ्याकडेच तर गेलो होतो, त्याने नमुने दिले होते."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच. "एखादं कव्हर तरी देऊन टाकायचं होतं तिले!"

अंकुरही हसला. मग डोळे पुसले. त्याच संध्याकाळी त्याने व्यापाऱ्याला दुकान मिळणार नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याने ऐकणाऱ्या साऱ्याजणींना निरोप धाडला: पुस्तक कागदावर कुणाला हवं? ज्यांनी हवं म्हटलं, तेवढ्याच प्रती छापायच्या. पुन्हा मागणी आली की पुन्हा छापायच्या. गठ्ठे रचून उंदरांची सोय करायची नाही. अक्षर मोठं, सासवांना दिसेल असं. गावागावांतून मागण्या आल्या. घड्या इंदूबाईंनी घातल्या, आणि या वेळी अंकुरला शेजारी बसवून शिकवल्या. "सरकारी फाइल नाई बांधून राहिला तू, नीट घाल!" असं त्याला दिवसातून दहादा ऐकावं लागलं.

पाडव्याच्या सकाळी गोदाबाई आल्या. शकुनताईंनी पुस्तकाला हळदकुंकू लावून ते माझ्यावर उघडं ठेवलं. गोदाबाईंनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं. अक्षर मोठं होतं, तरी डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना वाचता येईना. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक कोरी वही काढली.

"हे तिसरी. कालच आनली. शकुन, आता मले मरायले टाइम नाई."

"लिहा, मावशी," शकुनताई म्हणाल्या. "दुकान उघडं आहे."

मित्रांनो, कागद थोर की फोन, हा वाद तुम्ही माझ्यासमोर घालू नका. मी दोन्ही पोटावर धरले आहेत, दोघांचंही ओझं मला झालं नाही. पण वाचणाऱ्यासमोर कुणी बसलेलं नसलं, की दोन्ही मुके होतात, हे मात्र मी पाहिलं आहे. तुमच्या घरी कुणाला अक्षर दिसत नसेल, कुणाला वाचता येत नसेल. त्यांच्याजवळ आज घटकाभर बसा आणि एक पान मोठ्याने वाचा. पुस्तकातलं असो की फोनमधलं असो. उद्याही वाचा. परवाही. आणि एखाद्या दिवशी फार कंटाळा आला, तर त्या दिवशी नक्की वाचा.

माझी काळजी करू नका. माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. बाकी मी उभी आहे.