रुईच्या ढिगावर तारा

१९६२ सालच्या त्या गुरुवारी अकोटच्या जिनासमोर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासमोर, कापसाच्या गाड्या कमी आणि माणसं जास्त. बाजूला सरकी काढलेल्या रुईचा ढीग, मधोमध लाकडी फळ्यांचा मंच. त्यावर कर्णनाथ महाराज, कपाळभर भस्म, खांद्याला टेकणारी कुंडलं.

"कान बहिरा की करम बहिरं?" महाराज गरजले.

"खूल जा कान, खूल जा द्वार,
नाथाची हाक जाईन पार!"

पुढ्यात तारा. सात वर्षांची, दोन वेण्यांची, जवळजवळ बहिरी. जवळजवळच, कारण जिनाचा भोंगा वाजला की ती दारात धावायची. भोंग्यामागून जिनात राबणारा बाप, शेषराव, घरी यायचा. साऱ्या जगातला तेवढा एकच आवाज तिच्या वाटणीला आला होता.

गल्लीतल्या शाळेच्या नसीमबानोबाईंनी तो हेरला होता. "शेषरावभाऊ, एवढं ऐकू येते तेच लई हाय. अमरावतीच्या डॉक्टरजवळ यंत्र हाय, खिशात डबी, कानाले तार. आवाज मोठा करून देते."

"अन् कानातून तार लोंबली, तं पोरगी करून घेईन कोन?" शेषराव म्हणाला, आणि पोरीला महाराजांकडे घेऊन गेला.

दर गुरुवारी महाराज तिच्या कानांत कढत तेल सोडत. तारा किंचाळे. महाराज डोळे मिटून सांगत, "पाप जळून राहिलं!" लोक हात जोडत. आज त्या तेलाचं फळ दिसायचं होतं.

ताराला फळ्यांवर अनवाणी, पाठमोरी उभी केली. मागं, त्याच फळ्यांवर ठेवलेल्या ढोलावर चेल्यानं टोला हाणला. तारा दचकून वळली.

जयजयकार उसळला. शेषराव महाराजांच्या पायांवर कोसळला. गर्दीतून खुशालराव अडत्या ओरडला, "पाह्य वं बाई! तुह्या यंत्राले आता गंज लागन!"

नसीमबानोबाई मंचाजवळ आल्या. "मी हरली, महाराज. एकच डाव आनखी. पोरीले त्या रुईवर उभी करून ढोल वाजवा."

"रुईवर काहून?"

"तुमी तं नाथ. रुईनं तुमचं काय बिघडते?"

लोकांनाच आणखी चमत्कार हवा होता. "होऊ द्या, महाराज!"

तारा गुडघाभर रुईत उभी राहिली. मागं, तेवढ्याच अंतरावर, ढोल वाजला. मग जोरानं. मग चेला घामाघूम होईपर्यंत. तारा रुईचे पुंजके फुंकरीनं उडवत होती.

"खुशालराव, चपला काढून फळीवर या. कानांत बोटं घाला," बाई म्हणाल्या. ढोल दणाणला.

"अबे! तळव्यात झिणझिणलं!"

"पोरीलेबी तेच झालं. नाथाचा ढोल तिच्या पायात वाजला, कानात नाही. आपन देवापुढं चप्पल काढतो ना? महाराजाचं सारं देवपन त्या उघड्या तळव्यावर चालून राहिलं."

लोक खदाखदा हसले. महाराज ढोल टाकून, धोतर सावरत अकोल्याच्या गाडीकडे पळाले.

तेवढ्यात जिनाचा भोंगा वाजला. शेषरावचा चेहरा उजळला. "पाहा, आता वळन! भोंगा तं ते ऐकतेच!"

भोंगा लांब, ओढून ओढून वाजला. तारानं रुईचा आणखी एक पुंजका उडवला.

बापानं तिची मान वळवली. कानातून पिवळा पू ओघळत होता. हसणारे मागं सरकले. जयजयकार करणारेही तेच होते.

अमरावतीच्या डॉक्टरांनी कान तपासून मान हलवली. "पडदे जळाले, पू आतल्या कानापर्यंत गेलाय. यंत्र आवाज मोठा करतं, पण त्याला आत जायला वाट तरी हवी ना?"

"दुसरं काहीच नाही?" शेषरावनं विचारलं.

"परदेशात कानाच्या आत, थेट नसेला तार लावून विजेनं आवाज पोचवायचा प्रयोग झालाय म्हणे. आपल्याकडे यायला फार वर्षं लागतील."

"तार चालते, डॉक्टर," शेषराव म्हणाला. "लोंबली तरी चालते."

तारा आता बहिऱ्यांच्या शाळेत बोटांनी बोलते. भोंगा रोज वाजतो. दार रिकामं असतं. बायाबापड्यांनो, लेकराच्या कानात तेल नका ओतू, डॉक्टर गाठा. आणि चमत्कार दिसलाच, तर हात जोडण्याआधी पायाखाली पाहा.