पत्ता नसलेल्या खोल्या

उद्या नागपुरात बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाजाची पेटीच काढणार होते. म्हणून भरदुपारी मी लाखनीतल्या माझ्या टायपिंग-इंटरनेटच्या दुकानाचं शटर खाली ओढलं, कॉम्प्युटरला वेबकॅम आणि माईक जोडला आणि बाबांना समोर बसवलं. झाडीपट्टीच्या नाटकांत जन्म घालवलेला हा माणूस, आणि घरात त्याच्या आवाजाची एक धड कॅसेट नाही! संताप येणार नाही तर काय?

"तुकड्या-तुकड्यानं म्हणा बाबा. हे सॉफ्टवेअर जुनं हाये. थांबवत नाई तोवर सप्पा रेकॉर्डिंग मेमरीतच धरून ठेवते, थांबवल्यावरच फाईल बनवते."

"पडदा उघडला का नट थांबत नसते," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अख्खं नाटक म्हणीन."

मी फार अडवलं नाही. कालच मेमरीची नवी पट्टी बसवली होती. चारची आठ जीबी झाली, भागेल, असं वाटलं.

बाबा राजा झाले, राजाची आई झाले. पाणी घोटत, घाम पुसत शेवटच्या प्रवेशापर्यंत पोचले. तेवढ्यात स्क्रीनवर आलं, मेमरी अपुरी आहे. सॉफ्टवेअर बंद पडलं. फाईल शोधली, तर काहीच नाही.

भंडाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या जीवनला फोन लावला. "आठ जीबी टाकली ना मी! मंग काहून भरली?"

"विंडोज बत्तीस बिटची असन. मेमरीतल्या हर खोलीले पत्ता लागते. बत्तीस बिटात चार जीबीपुरतेच पत्ते होतात. पुढच्या खोल्या हायेत, पन पत्ताच नाई, तं कोन जाईन तिथं? चौसष्टची टाक, मंग पत्तेच पत्ते."

"गेलेलं वापस येईन का?"

"नाई."

फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मंडपात लोक ओरडायचे तसं मी बाबांना म्हटलं, "वन्स मोअर." म्हणताना रडू फुटलं. बाबांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. आता संपलं, आपण सगळं घालवलं, एवढंच डोक्यात होतं.

तरी मी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं. "नाटक नोको बाबा. कायबी बोला."

त्यांनी कोमट पाणी घेतलं. डोळे मिटून बराच वेळ घसा साफ केला.

"रश्मे," ते म्हणाले, "चा मांड वं."

मी लगेच थांबवलं. फाईल सेव्ह झाली. जुन्यातल्या जुन्या मशीनमध्येही मावली असती, एवढीशी. मग उठून चहा मांडला. यापुढे बाबा रिकामा कप दाखवून चहा मागणार होते.