लाल ताटलीतला बटाटा

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा बटाटा आहे, आणि मी एका माणसाला जवळजवळ उपाशी मारले. ही गोष्ट दवाखान्याच्या एकाही कागदावर नाही. त्यामुळे ती घडलीच नाही असे धरले जाईल, म्हणून मी पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म खोट्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यात आणि लिंबात फारसा फरक नव्हता. मग रंगवणाऱ्या बाईंनी मला तपकिरी रंग दिला आणि ब्रशच्या टोकाने सहा डोळे काढले. म्हणून पुढे जे झाले ते मला सगळीकडून दिसले.

तिथून मी एका आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर आलो. टेबलावर तीन ताटल्या होत्या. हिरव्या ताटलीतले खायचे, पिवळ्या ताटलीतले जपून खायचे, लाल ताटलीतले बंद. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. एक आजी तर मला पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत आणले, किंचित उकडलेला.

पण बाईंचा अभ्यास दांडगा. दर सोमवारी त्या नवे संशोधन वाचत आणि आमच्या बदल्या करत. एका परिषदेहून आल्या, मी हिरवीतून लालमध्ये. दुसऱ्या परिषदेहून आल्या, मी पिवळीत. मग कुणीतरी सांगितले की शिजवून गार केलेला बटाटा पोटातल्या जंतूंना आवडतो. मी तर जन्मापासूनच गार. नऊ दिवस हिरवीत राहिलो. मधे एक महिना बाई सगळ्यांना सोळा-सोळा तास उपाशी राहायला सांगत होत्या, तेव्हा तिन्ही ताटल्या कपाटात होत्या. कुठे बूड टेकतोय तोच उचलबांगडी. लोणी तर बाईंची पावले वाजली की आपणहून सरकायचे.

अशाच एका लाल सोमवारी कुलूपवाले काका आले. कुलपे दुरुस्त करणारे, बारीक मिशीचे, साखर थोडी वाढलेली. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

"बटाटा बंद."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेन ना."

बाईंनी ते कागदावर लिहून दिले. काकांनी घडी घालून कागद खिशात ठेवला.

त्यानंतर ते वर्षातून एकदा येत. त्या दिवशी लाल ताटलीत जो कुणी असेल, तो त्यांच्या कागदावर चढे. लोणी चढले, केळे चढले, मग पाव, दूध, अंडे. पुढे आम्ही लाल ताटलीतून सुटलो, पण त्या कागदावरून कुणीच उतरले नाही.

अकरा वर्षांनी काका मुलीचा हात धरून आले. आत माणूस नसलेला नुसता शर्टच चालत आल्यासारखा वाटला.

"खुब्याचं ऑपरेशन आहे," मुलगी म्हणाली. "सर्जन म्हणतात, आधी चार किलो वजन वाढवा, नाहीतर हात लावणार नाही. आणि हे दोन्ही वेळेला काकडी खातात हो! रडून झालं, भांडून झालं. ऐकतील तर शपथ!"

"अगं, बाईंनी अजून सांगितलं नाही ना," काका म्हणाले.

"काय सांगायचं होतं मी?" बाईंनी विचारले.

काकांनी कागद उलगडला. सगळे अक्षर बाईंचेच. बाईंनी कागद वाचला, मग ताटल्यांकडे पाहिले. कागदावरचे निम्म्याहून अधिक जण हिरव्या-पिवळ्या ताटल्यांत आरामात बसले होते. मीसुद्धा.

"अहो, हे तर आम्ही कधीच सुरू केलंय."

"कुणाचं?" मुलीने विचारले.

"नव्या पेशंटांचं," बाई हळूच म्हणाल्या.

मुलगी वडिलांवरच उखडली. "बाबा, पेपरात छापून आलं होतं सगळं! वाचता येत नाही का तुम्हाला?"

"पेपरानं कुठे बंद केलं होतं?" काका म्हणाले. "चाळीस वर्षं धंदा केला. मालकानं सांगितल्याशिवाय एक कुलूप उघडलं नाही मी."

बाईंनी मला उचलले. मला काकांच्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, काका. मीच सांगायला हवं होतं. खा."

काकांनी मला उलटासुलटा करून पाहिले. "सालीसकट?"

"हा नाही, बाबा! खरा!"

"मग तसं लिहून द्या."

बाईंनी एकेका नावापुढे 'सुरू' लिहिले आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. शेवटच्या दोन सह्या ओल्या झाल्या.

तीन आठवड्यांत काकांचे वजन सव्वा किलो वाढले. चार किलोंना अजून अवकाश आहे आणि खुबा रोज दुखतो. बाई आता दुपारभर जुन्या नोंदी काढून फोन करत बसतात. काही नंबर बदललेत, काही लागत नाहीत. एकाने "आता सांगताय?" म्हणून फोन ठेवला. मित्रांनो, बंद करायला सांगणे सोपे असते, तेव्हा माणूस समोर बसलेला असतो. सुरू करायला सांगायचे तर त्याला शोधत जावे लागते.

तरी ताटल्यांशी संबंधित सर्व अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, मी लाल ताटलीत असताना ज्यांनी ज्यांनी मला पाहिले, त्या सर्वांच्या घरी घरंगळत जाऊन प्रत्येकाच्या ताटात अर्धा तास बसण्यासाठी मला भरपगारी रजा मंजूर व्हावी.