शीळ कुठे मिळेल?

मावशींचा कॅसेट प्लेअर मंगळवारी दुपारी बंद पडला. आतला रबरी पट्टा फटकन तुटला, मावशी दचकल्या आणि हातातल्या कवळीचा एक सुळा मेणातून निसटून टेबलाखाली गेला. सुळा सापडला. प्लेअर मात्र गेला तो गेलाच. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला, पुन्हा बंद केला आणि म्हणाला, "पट्टा आता मिळत नाही. मिळाला तरी हेड झिजलंय. बाई, यात जीव राहिलेला नाही."

मावशी दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायच्या. पुढे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घ्यायचे, मागे मावशी त्या मापावरून प्लॅस्टर ओतायच्या, मेणात एकेक दात बसवायच्या, मग घासून चकाकी आणायच्या. तीस वर्षं हेच काम. त्यांची सख्खी भाची दवाखान्यात दाराजवळ बसून नंबर लावायची. ती मावशी म्हणायची म्हणून डॉक्टरही मावशी म्हणू लागले आणि हळूहळू रोगीही.

काम करताना मावशींना शीळ ऐकायला लागायची. गाण्यात अधेमधे वाजते तशी नव्हे, तर माणसाने अख्खी चाल तोंडाने वाजवलेली, मागे वाद्यवृंद किंवा तोही नाही. त्या शिकाऊ होत्या तेव्हा रेडिओवर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं अशा शिळेचा कार्यक्रम लागायचा. तो त्यांनी वर्षानुवर्षं टेप केला होता. एक्केचाळीस कॅसेटी भरल्या होत्या. "गाण्यात शब्द असले की माझं लक्ष शब्दांकडे जातं आणि दात वाकडा बसतो," असं त्या सांगायच्या. मग नुसती वाद्यं का चालत नाहीत, हे मात्र कुणी विचारलं की त्या नुसत्या मान हलवायच्या.

प्लेअर गेल्यावर खोलीत फक्त घासायच्या मशीनचा आवाज उरला. चार दिवसांत मावशींची चिडचिड पुढच्या खोलीपर्यंत ऐकू यायला लागली.

"मावशी, मोबाईलवर ऐक ना," भाची म्हणाली. "कॅसेटी कसल्या घेऊन बसलीस!"

डॉक्टरांनी लगेच आपलं अॅप पुढे केलं. "हे घ्या. दहा कोटी गाणी आहेत यात."

"मला चाळीस हवी आहेत," मावशी म्हणाल्या. "ती आहेत का बघा."

भाचीने गाणी ऐकवणाऱ्या तीन सेवा निवडल्या. तिन्हींचा पहिला महिना फुकट होता, त्यामुळे घाई नव्हती. मावशींनी मात्र रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. कवळी बसते की नाही हे बघायला त्या रोग्याच्या दातांत निळा कागद धरून चावायला लावायच्या. जिथे डाग उठतो तिथे दात उंच. तसंच इथेही काहीतरी हवं म्हणून त्यांनी बारा रेकॉर्डिंगांची यादी केली. चार सोपी, चार अवघड, आणि चार अशी की ती सापडली तर त्या नमस्कार करणार होत्या.

पहिली सेवा डॉक्टरांची. तिथे 'शीळ' असं लिहिल्यावर किटलीची शीळ आली, 'गाढ झोपेसाठी वाऱ्याची शीळ' आठ तासांची आली आणि कुत्र्याला बोलवायच्या शिट्ट्यांचा एक संच आला. मावशींनी तो चुकून पूर्ण ऐकला. तेव्हापासून मावशींकडे कुत्रा आहे अशी त्या अॅपची खात्री पटली. सकाळी उघडलं की 'घाबरलेल्या कुत्र्यासाठी शांत सूर' समोर हजर. बारांपैकी तीन सापडली.

दुसऱ्या सेवेचा आवाज इतका स्वच्छ की शीळ वाजवणारा श्वास कुठे घेतो तेही कळायचं. मावशी दोन दिवस खूश होत्या. पण तिथे बारांपैकी चारच रेकॉर्डिंगं होती आणि एकावरही वाजवणाऱ्याचं नाव नव्हतं. वाद्यवृंदाच्या प्रमुखाचं नाव होतं, कंपनीचं होतं.

"ज्याने तोंड दुखेपर्यंत वाजवलं त्याचं नाव नाही?" मावशी म्हणाल्या. "हे म्हणजे कवळीवर डॉक्टरांचं नाव लिहिण्यासारखं झालं."

"ते लिहितोच आपण," डॉक्टर दारातून म्हणाले.

"म्हणून तर म्हणते."

तिसरी सेवा अगदी छोटी. तिथे कलाकार आणि हौशी संग्राहक स्वतःच रेकॉर्डिंगं चढवायचे. तिचं अॅप सरकारी अर्जासारखं दिसायचं आणि ऐन रंगात आलेलं असताना मध्येच थांबायचं. पण बारांपैकी नऊ तिथे होती. रेकॉर्डच्या मागच्या बाजूचे फोटो होते, साल होतं, कुठल्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं तेही कुणीतरी शोधून लिहिलं होतं. मावशींनी कबूल केल्याप्रमाणे मोबाईलला नमस्कार केला.

आणि तिथेच त्यांना ती चूक दिसली.

शीळ वाजवणाऱ्यांत 'पाखरू' या टोपणनावाचे दोघं होऊन गेले होते. पहिला पाखरू वाद्यवृंदाबरोबर वाजवायचा आणि बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता. दुसऱ्याने नंतर कधीतरी सहाच चाली वाजवल्या, मागे काहीही साथ नसलेल्या. डॉक्टरांच्या सेवेत दोघं एकाच पानावर होते, एकच फोटो, एकच मृत्यूचं साल. छोट्या सेवेतही कुणी संग्राहकाने त्या सहा चाली मेलेल्या माणसाच्या खात्यात घातल्या होत्या.

मावशींना हे सहन होईना. "हा आणि तो एक कसे असतील? पहिला कंठातून सूर हलवतो. दुसरा श्वास आत घेतानाही वाजवतो, मध्ये फटच पडत नाही. कान फुटलेत का यांचे?"

भाचीने डॉक्टरांच्या सेवेला तक्रार पाठवली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर तीन वेळा आलं, तिन्ही वेळा जसंच्या तसं. छोट्या सेवेत प्रत्येक रेकॉर्डिंगखाली लिहायला जागा होती. तिथे मावशींनी सांगितलं आणि भाचीने टाइप केलं. चांगलं पानभर झालं.

दोन दिवसांनी खाली उत्तर आलं. 'बाई बरोबर सांगताहेत. या सहा चाली माझ्या आहेत आणि मी अजून आहे. पहिले पाखरू वारले तेव्हा लोक माझ्या बायकोच्या सांत्वनाला आले होते. मीच दार उघडलं.'

भाची मोबाईल घेऊन मागे धावली. मावशींनी उत्तर दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाल्या, "विचार त्यांना, सहाच का? पुढे का नाही वाजवलं?"

या वेळी उत्तर आलं ते थोडक्यात. 'दात गेले. कवळी आहे, जेवता येतं. शीळ येत नाही. अकरा वर्षं झाली.'

मावशी डबा खात होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग उठून सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खुर्चीत एक रोगी तोंड उघडून बसला होता.

"मला एक कवळी करायची आहे. शीळ वाजेल अशी."

डॉक्टरांनी हातातला आरसा बाजूला केला. "मावशी, आपण जन्मभर उलटं काम केलंय. 'स' म्हणताना शीळ वाजते अशी रोग्याची तक्रार येते आणि तुम्ही ती घालवता."

"घालवते ना? मग ती कुठून येते ते मला माहीत असणारच."

रोग्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने मान डोलावली.

भाचीने निरोप धाडला आणि दुसरे पाखरू, म्हणजे पाखरूमास्तर, पुढच्या बुधवारी आले. बसने चार तास. इस्त्रीचा कोट, हातात पिशवी. वयाने सत्तरीचे, अंगाने बारीक, आणि बोलताना तळहात तोंडापुढे धरायची सवय लागलेली. डॉक्टरांनी माप घेतलं. मावशींनी त्यांची जुनी कवळी हातात घेऊन उजेडात फिरवली.

"काम वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढचे दात आत घेतलेत. ओठांना टेकू नाही. आणि टाळूकडची बाजू इतकी जाड आहे की जिभेला वळायला जागाच नाही. तुम्ही शीळ वाजवता हे त्यांना सांगितलं होतं का?"

"कवळीवाल्याला हे काय सांगायचं?" मास्तर म्हणाले. "हसले असते."

मेणात दात बसवून मावशींनी पहिली कवळी केली. मेणातल्या कवळीने चावायचं नसतं, ती नुसती तोंडात धरून बघायची. दात हवे तसे सरकवता येतात. मास्तरांनी ती घातली, ओठ जुळवले आणि फुंकर मारली. फक्त हवा आली. पुन्हा मारली. पुन्हा हवा. ते हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मावशींनी पुढचे चार दात केसभर पुढे घेतले, टाळूकडचं मेण खरवडलं. या वेळी आवाज आला, पण तो किटलीसारखा. पुढच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, "चहा ठेवलाय का?"

"गप्प बसा जरा," भाची म्हणाली.

तिसऱ्या वेळी दुपार टळून गेली होती. मावशींनी मेण अगदी पातळ केलं, मधल्या दोन दातांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवली. मास्तरांनी डोळे मिटले. खालचा एक सूर आला, थोडा घोगरा, मग साफ. त्याच्यापुढचा आला. पाच-सहा सूर ते चढत गेले आणि तिथे शीळ तुटून हवा झाली. त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. पुन्हा तिथेच तुटली.

त्यांनी कवळी काढली, रुमालाने पुसली आणि मावशींच्या हातात दिली. दात नसल्यामुळे त्यांचं बोलणं बोबडं येत होतं.

"खालचं आलं. वरचं गेलं."

"वरचंही येईल," मावशी म्हणाल्या. "दात आणखी पुढे घ्यावे लागतील. पण खरं सांगते मास्तर, मग जेवता यायचं नाही. घास चावायला गेलात की कवळी उचलली जाणार. दोन्ही एकात बसत नाही. काय हवंय ते तुम्ही सांगा."

मास्तरांनी टेबलावरची जुनी कवळी उचलून रुमालात गुंडाळली. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते.

"जेवायची आहे माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "जुनीच. ही नुसती वाजवायची करा."

डॉक्टर हसायला लागले. मावशी हसल्या नाहीत. त्या मेण तापवायला वळल्या होत्या.

ती कवळी व्हायला तीन आठवडे लागले. रंग जुळवण्यात मावशींनी वेळ घालवला नाही, कारण ती मिरवायची नव्हती. दात पुढे आलेले, टाळूची बाजू कागदासारखी पातळ, मागच्या दाढा जवळजवळ नाहीतच. कुठल्याही परीक्षकाने ती नापास केली असती. मास्तरांनी ती घालून मागच्या खोलीत एक चाल वाजवली, त्यांच्या सहांपैकी तिसरी. श्वास आत घेतानाही सूर थांबला नाही. पुढच्या खोलीत बसलेले रोगी दाराशी येऊन उभे राहिले, त्यातल्या एकाच्या गळ्यात कागदी रुमाल तसाच होता. चाल संपल्यावर मास्तर म्हणाले, "शेवटचे दोन सूर नाही आले."

"ऐकलं मी," मावशी म्हणाल्या.

दरम्यान फुकटचा महिना संपत आला होता. भाचीने विचारलं, "मग काय ठरवलंस? कुठली घ्यायची?"

"छोटी."

"अगं, ती मध्येच बंद पडते."

"पडू दे. तिथे कोण वाजवतंय ते तरी कळतं. आणि बोललं तर कुणीतरी उत्तर देतं."

मावशींचे हात दिवसभर प्लॅस्टरने भरलेले असायचे, त्यामुळे अॅप थांबलं की त्या "ए!" अशी हाक मारायच्या आणि भाची नंबर सोडून मागे पळायची. आठवड्यातून दहा-बारा वेळा तरी. डॉक्टर कुरकुरायचे. यादीतली उरलेली तीन रेकॉर्डिंगं कुठेच नव्हती, ती फक्त कॅसेटींवर होती. भाचीने एका ओळखीच्याकडून चालू प्लेअर मागून आणला आणि दोघींनी एका रविवारी बसून ती अॅपवर चढवली. वाजवणाऱ्याचं नाव, साल, रेडिओवरच्या निवेदकाचं नाव, मावशींनी सगळं लिहून घेतलं. पहिल्या आठवड्यात ती अकरा जणांनी ऐकली. मावशींच्या दृष्टीने ही गर्दीच होती.

दोन महिन्यांनी मास्तरांनी आपल्या नावाचं स्वतंत्र पान उघडलं आणि त्यावर चार नव्या चाली टाकल्या. घरीच, कपाटासमोर बसून ध्वनिमुद्रण केलं होतं. मध्ये कुठेतरी त्यांच्या बायकोचा खोकला ऐकू येत होता. मावशींनी मशीन बंद केलं, हात धुतले आणि चारही चाली खुर्चीत नीट बसून ऐकल्या. चौथ्या चालीत शीळ वर चढत गेली आणि शेवटच्या दोन सुरांपैकी एक लागला. दुसरा किंचित फाटला.

मावशींनी ती जागा तीनदा ऐकली. मग मास्तरांना फोन लावला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूच्या दाताची कड लागतेय तुमच्या जिभेला. बुधवारी या, घासून देते."