भिंतीवरच्या चार रेघा

बसा भाऊ, त्या रंगाच्या डब्यावर बसा. डोकं सांभाळा, काल एकदा आपटलंय तुम्ही. सुनेसाठी या माळ्यावर खोली करायची, तर ही आडवी तुळई मधे येते, कापून टाका, असं काल म्हणालात आणि मी गप्प बसलो. आज बोलतो. करवतीला हात लावायच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, माझ्याच घराची. हिची मजुरी लावणार नाही.

माझा जन्म कपाटं करण्यात गेला. भिंतभर कपाटं, आतून आरसे, चोरकप्पे, सगळं. आमच्या घरात मात्र कपडे खुंटीला. बायको पाहुण्यांना सांगायची, "हे सुतार आहेत, पण फक्त घराबाहेर."

घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर माळा. माळ्यावर ट्रंका, मोडका पाळणा, आणि टाकवत नाही म्हणून चढवलेला सगळा पसारा. मग मुलगी परत आली. इस्पितळात नर्स आहे ती. बरोबर सहा वर्षांची नात. जावयानं काय केलं होतं, तर नोकरी गेल्याचं सात महिने लपवलं. रोज डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी दमल्यासारखा परत यायचा. हिनं विचारलं की एकच उत्तर, "काही नाही गं, सगळं ठीक आहे." हात उगारला नाही की शिवी दिली नाही. पण पोरगी म्हणाली, "बाबा, आता त्यानं पाऊस पडतोय म्हटलं तरी मी खिडकीतून बघून येते."

रात्रपाळी करून यायची आणि सकाळी कुकरच्या शिट्ट्यांत झोपायची. महिनाभर काढला तिनं. मग एके दिवशी म्हणाली, "इस्पितळाजवळ एक खोली बघितलीय."

नातीशिवाय घर कसं लागतं ते मला माहीत होतं. म्हटलं, "दोन महिने थांब. माळ्यावर तुला खोली करून देतो. दार लावलंस की राज्य तुझं."

खिसा म्हणाल तर एका कपाटाच्या कमाईएवढा. मग काय, खिडकी मोडीतून उचलली. मालाच्या खोक्यांच्या फळ्या रंधून जमीन केली. उन्हानं कौलं तापतात म्हणून खाली पुठ्ठे आणि जुनी ब्लँकेटं ठोकली, वर प्लायवूड. आणि जिना! प्रत्येक पायरीत एक खण. नातीनं बघता बघता चार खण बळकावले. बायकोनं पहिल्यांदा कौतुक केलं, "चला, घरात एक तरी कपाट आलं, उभ्याऐवजी तिरकं."

अडचण एकच. अशीच एक तुळई, बरोबर मधोमध, छातीएवढ्या उंचीवर. पलंगावरून उठलं की कपाळमोक्ष.

आमच्याकडे एक छप्परवाला आहे, जन्मभर छपरंच बांधली त्यानं. माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. त्याला चहाला बोलावलं. वर आला, तुळईवर हात ठेवला आणि म्हणाला, "कपाट्या, हिला हात लावू नकोस. काढायचीच असेल तर आधी दुसरी सोय करावी लागेल. चार दिवसांचं काम आहे, मी करतो."

"चार दिवस? एका लाकडाला?"

"अरे, कपाट पडलं तर बोट चेचतं. छप्पर काय बोटावर पडतं का?"

मला वाटलं, काम काढायला बघतोय गडी. चहा पाजला आणि वाटेला लावला. पस्तीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला हा लाकूड शिकवतोय!

तुळई मीच कापली. आणि भाऊ, ऐका, कापताना करवत कुठंही अडकली नाही. एरवी मोठं लाकूड कापताना पातं धरून ठेवतं. इथं चीर आपोआप उघडत गेली. मी खूश! म्हटलं, काय हात आहे आपला. ती चीर का उघडतेय, हे कपाटवाल्याला कुठून कळणार? कपाटातल्या लाकडाला कोणी ओढत नाही. घडीची शिडी बघितलीय ना तुम्ही? दोन पायांमधे साखळी असते. छपराच्या दोन उतारांमधली साखळी म्हणजे ही तुळई. ओढ घेऊन बसलेली होती ती, म्हणून चीर उघडली. लाकूड सांगत होतं, मी ऐकलं नाही. वर त्याच लाकडाच्या छान फळ्या काढून जिन्याच्या खणांना लावल्या.

पोरगी वर राहायला गेली. पहिल्या दिवशी दुपारी चारपर्यंत झोपली. खाली आली तेव्हा तोंडावर उशीचे वळ होते. म्हणाली, "बाबा, किती दिवसांनी झोपले." मी बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसलो.

तीन आठवड्यांनी मागचं दार अडकायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, दार लागत नाही." सुताराचं घर, त्यात काय! रंधा काढला, कड तासली. पाच दिवसांनी परत अडकलं. परत तासली. तिसऱ्यांदा तासलं तेव्हा वरून बोट जाईल एवढी फट, आणि खाली दार तसंच घट्ट. बायको म्हणाली, "असंच चाललं तर दाराची फूटपट्टी होईल."

हसता हसता मान वर गेली. चौकटीच्या कोपऱ्यातून छपरापर्यंत भिंतीला बारीक तडा.

दार फुगलं नव्हतं भाऊ. भिंत बाहेर झुकत होती.

आता शहाणा माणूस काय करेल? पोरीला खाली बोलवेल. मी काय केलं? कानामागची पेन्सिल काढली आणि तड्यावर आडवी रेघ मारली, बाजूला तारीख. रेघ तुटली की समजायचं, तडा वाढतोय. सांगितलं तर ती जाईल, हे एकच डोक्यात. म्हटलं, चार दिवस बघू, तोवर काहीतरी जुगाड करू. ती ड्यूटीवर गेली की वर जाऊन लोखंडी तार ताणायचो. रोज नवी रेघ, रोज तुटलेली. बायकोनं विचारलं, "तडा कसला हो?" म्हटलं, "रंग उडालाय."

मुलगी म्हणाली, "बाबा, वर कट्‌कट् आवाज येतो."

मी म्हटलं, "काही नाही गं. लाकूड आहे, बोलतं."

चौथ्या दिवशी ती दुपारीच घरी आली, पाळी बदलली होती. मी स्टुलावर, पेन्सिल हातात. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं. चार रेघा, चार तारखा, माझ्याच अक्षरात. एकेक वाचली. मग जिन्याचे खण उघडून नातीचे कपडे पिशवीत भरायला लागली.

मी म्हटलं, "अगं, आजच छप्परवाल्याला बोलावतो. दोन दिवसांत नीट होईल. चुकलं माझं, कापायला नको होती."

"कापलीस त्याचं काही नाही बाबा. काम करणाऱ्याचं चुकतं." हात थांबले नव्हते तिचे. "चार दिवस तुला माहीत होतं. आणि माझी पोर वर झोपत होती."

मी स्टुलावरून उतरलो आणि छप्परवाल्याकडे निघालो.

छप्परवाला त्याच संध्याकाळी आला. चार दिवसांत टेकू लावले, जॅक लावला, नवी तुळई बसवली, वर लोखंडी सळई. मला वाटलं, टोमणे मारील. जाताना एवढंच म्हणाला, "आता वर शंभर माणसं झोपव."

एकही झोपत नाही. मुलगी रविवारी येते, नातीला घेऊन. जेवते, माझ्याशी नीट बोलते, राग वगैरे नाही. नात खण उघडून बघते, तिच्या गोट्या अजून तिथंच आहेत. पण मुलगी जिन्याला पाय लावत नाही. परवा मी म्हटलं, "चहात साखर बरोबर आहे." तिनं एक घोट घेऊन बघितला.

भिंतीला रंग दिला, तेवढी जागा सोडून. बायको म्हणते पुसा. हात होत नाही.

तर भाऊ, ही तुळई. वाकून चालायचं असेल तर खोली स्वस्तात होईल. काढायची असेल तर आधी छप्परवाला येईल, आणि त्याचे पैसे वेगळे. काल मी जाताना तुम्ही हळूच म्हणालात, "तुळई कापतोय हे सुनेला सांगू नका, उगाच घाबरेल." तेवढं माझ्याच्यानं होणार नाही. ती आत्ता खाली आहे ना? भांड्यांचा आवाज येतोय. एक हाक मारा तिला, वर येऊ द्या. इथं तिला झोपायचंय, मी तिच्यासमोरच सगळं सांगतो.